परभाषा, परकेपण आणि प्रेक्षक : 'फँड्री'च्या समीक्षक-प्रेक्षक प्रतिसादाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

'परभाषा' ही संज्ञा निरपेक्ष नाही. एका भाषकसमूहाची स्वभाषा दुसऱ्या समूहाची परभाषा असते. एवढेच नव्हे, तर एकाच गावात, एकाच शाळेत आणि पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या ठायी स्वभाषा आणि परभाषा शेजारी शेजारी नांदत असतात. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र ही संज्ञा एखाद्या स्थिर वर्गाप्रमाणे वापरली गेली. 'श्वास' (२००४), 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) हे मराठी चित्रपट भारताच्या वतीने ऑस्कर पुरस्कारांसाठी पाठविले गेले, तेव्हा ते ज्या विभागात दाखल झाले त्याचे नाव 'परभाषिक चित्रपट' असे होते. २०१९ मध्ये ते नाव बदलून 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' असे करण्यात आले. नाव बदलले तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो : चित्रपटाची भाषा प्रेक्षकाला परकी असणे वा नसणे यामुळे त्याच्या प्रतिसादात नेमका कोणता फरक पडतो ?

या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर असे की, परकी भाषा आस्वादात अडथळा आणते आणि स्वभाषा आस्वाद सुलभ करते. प्रस्तुत लेखात याच्या उलट बाजूचा विचार करावयाचा आहे. तीव्र भावनाट्य असलेल्या चित्रपटासमोर भाषेचे परकेपण प्रेक्षकाला एक प्रकारचे संरक्षण देते. त्याला दु:खाचा साक्षी होता येते. परंतु दु:खाच्या कारणांत त्याचा वाटा असल्याचा आरोप त्याच्यावर येत नाही. हे संरक्षण काढून घेतले म्हणजे काय घडते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणून नागराज मंजुळे दिग्दर्शित 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाकडे पाहता येते. हा चित्रपट मराठी आहे. पण त्याचे शीर्षक मराठी नाही. या साध्या वस्तुस्थितीत त्याच्या प्रतिसादाचे पुष्कळसे मर्म दडलेले आहे.

२. परभाषिक चित्रपटाचा निर्दोष प्रेक्षक

स्वतंत्र भारतात परभाषिक चित्रपटाशी शहरी प्रेक्षकाचा मोठा परिचय घडला तो जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) आणि अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' (१९५०) हे चित्रपट या महोत्सवात दाखविले गेले. इटालियन नववास्तववादाचा भारतीय चित्रपटावर जो प्रभाव पडला, त्याचा एक उगम या महोत्सवात शोधला जातो. बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' (१९५३) हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. पुढे १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ, १९६४ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि १९६८ मध्ये मुंबईतील 'प्रभात चित्र मंडळ' अशा संस्था उभ्या राहिल्या व परभाषिक चित्रपट पाहण्याची एक सुजाण परंपरा महाराष्ट्रात रुजली. मराठी चित्रपटसमीक्षेची परिभाषा बव्हंशी या परंपरेतून आलेली आहे.

'बायसिकल थीव्ह्ज'चे कथानक अत्यंत साधे आहे. युद्धोत्तर रोममध्ये अंतोनिओ रिची या बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. त्यासाठी सायकल अनिवार्य असते आणि तीच चोरीस जाते. धाकट्या ब्रूनोला बरोबर घेऊन तो शहरभर सायकल शोधतो. अखेर निराश होऊन स्वत:च एक सायकल पळवितो आणि पकडला जातो. जमाव त्याला मारतो, त्याची छी:थू करतो आणि हे सारे मुलाच्या डोळ्यांदेखत घडते. शेवटी ब्रूनो बापाचा हात धरतो आणि दोघे गर्दीत मिसळून जातात.

या चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकांना हेलावले. या हेलावण्याचे स्वरूप मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. मुंबईत बसलेल्या प्रेक्षकाचे तादात्म्य अंतोनिओशी आणि ब्रूनोशी होते. अंतोनिओला मारणाऱ्या जमावाशी ते होत नाही. तो जमाव रोमचा आहे, त्याची भाषा इटालियन आहे आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारी मुंबईकरावर नाही. दारिद्र्य परिचित, पण दारिद्र्याचे कर्ते अपरिचित, अशी ही स्थिती होय. परभाषिक चित्रपटाचा प्रेक्षक या अर्थाने निर्दोष असतो. त्याची करुणा खोटी नसते. पण तिला काही मोजावे लागत नाही.

येथे एक ऐतिहासिक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या १९५२ सालात हा महोत्सव भरला, त्याच साली ३१ ऑगस्ट रोजी १८७१ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून रद्द झाला. जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींमध्ये कैकाडी समाजाचाही समावेश होता. रोममधील एका सायकलचोराची व्यथा समजून घेणारा सुजाण प्रेक्षक मुंबईत घडत होता, त्याच वर्षी चोरीचा शिक्का जन्मत: कपाळी घेऊन आलेली माणसे याच प्रदेशात कायद्याने 'विमुक्त' होत होती. या माणसांचे जग मराठी साहित्यात ठळकपणे उमटण्यास पुढे जवळजवळ तीन दशके लागली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले. मराठी पडद्यावर कैकाडी कुटुंब कथेच्या केंद्रस्थानी येण्यासाठी आणखी तीन दशके जावी लागली.

३. अपेक्षाक्षितिज आणि त्याचा भंग

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली मांडलेली 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक कोणत्याही कृतीला कोऱ्या मनाने सामोरा जात नाही. पूर्वी वाचलेल्या कृती, वाङ्मयप्रकाराचे संकेत आणि भोवतालचे वातावरण यांतून त्याच्या अपेक्षांचे एक क्षितिज तयार झालेले असते. नवी कृती ते क्षितिज पुरे करते किंवा मोडते. याउस यांच्या मते या दोहोंतील अंतर हे कृतीच्या सौंदर्यमूल्याचे एक गमक असते. हीच गोष्ट चित्रपटाच्या प्रेक्षकालाही लागू करता येते.

'फँड्री' ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबई चित्रपट महोत्सवात दाखविला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. प्रदर्शनाची तारीख प्रेमिकांच्या दिवसाची होती. अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेले, प्रसिद्धीसाठी वापरलेले आणि प्रत्यक्ष चित्रपटात नसलेले प्रेमगीत त्यापूर्वीच गावोगाव लोकप्रिय झाले होते. शाळकरी मुलाचे एका मुलीवर बसलेले मन, हा प्रसिद्धीचा मुख्य धागा होता. त्यामुळे प्रेक्षकगृहात शिरणाऱ्या पुष्कळांचे अपेक्षाक्षितिज कोवळ्या प्रेमकथेचे होते. दुसरीकडे महोत्सवांच्या बातम्यांमुळे आलेला प्रेक्षक एका गंभीर वास्तववादी चित्रपटाची अपेक्षा धरून होता. एकाच चित्रपटासमोर दोन वेगळी क्षितिजे घेऊन दोन प्रेक्षकवर्ग बसले होते, ही बाब त्याच्या प्रतिसादाचा विचार करताना विसरता येत नाही.

पूर्वार्ध प्रेमकथेची अपेक्षा वरकरणी पुरी करतो. जांबुवंत कचरू माने ऊर्फ जब्या हा मुलगा शालूकडे पाहत राहतो. तिच्याशी बोलण्याचे धाडस त्याला होत नाही. काळी चिमणी मारून तिची राख मुलीवर टाकली की ती वश होते, या समजुतीपायी तो पिऱ्या या मित्रासह गलोल घेऊन माळरान पालथे घालतो. जीनच्या पॅंटची हौस त्याला आहे, जत्रेत नाचण्याची ओढ आहे. हे सारे कोणत्याही पौगंडावस्थेतील मुलाचे असावे असे आहे आणि म्हणूनच प्रेक्षक निर्धास्तपणे जब्याच्या जागी जाऊन बसतो. उत्तरार्धात ती जागा त्याच्याकडून काढून घेतली जाते. ज्यांना प्रेमकथा हवी होती त्यांची निराशा आणि ज्यांना वास्तववादी चित्रपट हवा होता त्यांची अस्वस्थता, या दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ या एकाच रचनातत्त्वात आहे.

४. शीर्षकाची भाषा

चित्रपटाचे संवाद मुख्यत्वे ग्रामीण मराठीत आहेत. माने कुटुंबाच्या बोलण्यात कैकाडी कानी पडते. 'फँड्री' हा त्या भाषेतील शब्द, अर्थ डुक्कर. कैकाडी ही मराठीची बोली नव्हे, ती द्राविड भाषाकुलातील आहे. तमिळमधील 'पन्रि', तेलुगूतील 'पंदि' आणि कन्नडमधील 'हंदि' हे शब्द शेजारी ठेवले की 'फँड्री' या शब्दाचे नातेसंबंध स्पष्ट होतात. मराठी प्रेक्षकाला हा शब्द निरर्थक, काहीसा विचित्र आणि म्हणून कुतूहलजनक वाटतो. चित्रपटगृहाबाहेर लागलेल्या फलकावरचा शब्द त्याला कळत नाही. म्हणजे मराठी चित्रपटाच्या दारातच तो परभाषिक ठरतो.

चित्रपट पुढे सरकतो तसा या शब्दाचा प्रवास घडतो. घरात तो एका प्राण्याचे साधे नाव आहे. गावातील टवाळ पोरांच्या तोंडी तो जब्याला हिणविण्याचा शब्द होतो. गाव कैकाडी शिकत नाही. त्या भाषेतील नेमका एक शब्द उचलते आणि त्याची शिवी करते. भाषिक परकेपणाचे सामाजिक रूप इतक्या थोडक्यात क्वचितच दाखविले गेले असेल. बहुसंख्यांची भाषा अल्पसंख्यांच्या भाषेशी जो व्यवहार करते, त्यात शब्दांची देवघेव असतेच. पण येथे घेतलेल्या शब्दाबरोबर त्या समाजाची अप्रतिष्ठाही उचलली जाते आणि तीच त्याला परत केली जाते. चित्रपट संपेपर्यंत प्रेक्षकाला शीर्षकाचा अर्थ कळलेला असतो. परंतु तो कळतो शिवीच्या अंगाने. गावाने जो अर्थ घेतला तोच प्रेक्षकालाही मिळतो.

या ठिकाणी एका वर्गीकरणाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. चर्चेच्या ओघात 'फँड्री'ला पुष्कळदा सरसकट 'दलित चित्रपट' म्हटले गेले. व्यापक अर्थाने ते योग्य असले, तरी कैकाडी समाज महाराष्ट्रात विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातींमध्ये आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये गणला जातो. गावाच्या वतनी रचनेत कनिष्ठ का होईना पण ठरलेली जागा असलेल्या जाती आणि गावात जागाच नसलेले भटके-विमुक्त समाज, यांच्या अनुभवांत फरक आहे. 'उपरा' या शीर्षकाचा रोख नेमका याच स्थितीकडे होता. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनातून मराठवाड्यातील अशाच एका समाजाचे जीवन मराठी वाचकांसमोर आले. 'फँड्री'चे वाङ्मयीन पूर्वसंचित शोधावयाचे तर ते या आत्मकथनांच्या परंपरेत शोधले पाहिजे. पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम. ए. झालेला आणि 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा काव्यसंग्रह नावावर असलेला दिग्दर्शक, तसेच कचरूच्या भूमिकेत 'सौमित्र' या नावाने कविता लिहिणारे किशोर कदम, हे या चित्रपटाचे मराठी साहित्याशी असलेले प्रत्यक्ष नातेही नोंदविण्यासारखे आहे.

५. पाठलागाचा प्रसंग

चित्रपटाचा दीर्घ अंतिम भाग डुकरे पकडण्याचा आहे. मुलीच्या लग्नासाठी पैशाची निकड असलेल्या कचरूला गावाने सांगितलेले हे काम टाळता येत नाही. पाठलाग शाळेच्या परिसरातच सुरू होतो. जब्या वर्गमित्रांच्या नजरेपासून, विशेषत: शालूच्या नजरेपासून, लपू पाहतो, बाप त्याला ओढून कामाला जुंपतो. हळूहळू गाव जमते. लोक खेळाचा सामना पाहावा तसे बसून पाहू लागतात. आरडाओरडा होतो, शेरे मारले जातात, हशा पिकतो.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. डुकरामागे धावणारी, घसरणारी, एकमेकांवर ओरडणारी माणसे हे विनोदाचे पारंपरिक द्रव्य आहे. पळापळीचा हा सारा भाग प्रेक्षकाला हसू यावे अशाच पद्धतीने सुरू होतो. प्रेक्षक हसला, की तो पडद्यावरील हसणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. मग हसणाऱ्यांचे चेहरे दिसू लागतात आणि त्या चेहऱ्यांत स्वत:चा चेहरा आहे, याची जाणीव त्याला होऊ लागते. 'बायसिकल थीव्ह्ज'मध्ये जमाव आणि प्रेक्षक हे दोन वेगळे गट होते. येथे पडद्यावरचा जमाव हाच एक प्रेक्षकवर्ग आहे आणि चित्रपटगृहातील प्रेक्षक त्याचा विस्तार आहे.

डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब आहे त्या जागी स्तब्ध उभे राहते, हा प्रसंग समीक्षकांनी विशेष नावाजला. त्यातही हसू आणि अवघडलेपण एकत्र येतात. राष्ट्राचे नियम पाळण्यात हे कुटुंब मागे नाही. त्या राष्ट्रात त्याला मिळालेले स्थान मात्र डुकरामागे धावण्याचे आहे. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेले जात असताना शाळेच्या भिंतीवर रंगविलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदी समाजसुधारकांची चित्रे मागे दिसत राहतात. भिंतीवर चित्रे आहेत आणि भिंतीसमोरचे जीवन तसेच आहे. दिग्दर्शकाने यावर एक शब्दही उच्चारलेला नाही.

६. दगड : समीक्षेतील तीन भूमिका

शेवटी डिवचला गेलेला जब्या दगड उचलतो. हिणविणाऱ्यांवर तो एकामागून एक दगड भिरकावतो आणि त्यातील शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो आणि चित्रपट संपतो. 'फँड्री'वरील चर्चा मुख्यत: या दगडाभोवती फिरली. तीत तीन भूमिका वेगळ्या काढता येतात.

पहिली भूमिका अशी की, हा दगड प्रेक्षकावर आहे. जातिव्यवस्थेचे मूक साक्षीदार म्हणून आपण सारेच दोषी आहोत आणि दिग्दर्शकाने आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, असे हे वाचन सांगते. ते सर्वाधिक मान्य झाले. त्यात तथ्य आहे. पण एक अडचणही आहे. 'आपण सारे' या सर्वनामात सगळा प्रेक्षकवर्ग एकसारखा धरला जातो. ज्याने आयुष्यात कधी तरी असा दगड उचलावासा वाटूनही उचलला नाही, तोही चित्रपटगृहात असतो. त्याच्या दृष्टीने दगड त्याच्या अंगावर येत नाही. तो त्याच्याच हातून सुटलेला असतो.

दुसरी भूमिका या दुसऱ्या प्रेक्षकाची आहे. तिच्या मते दगड हा विद्रोहाचा प्रारंभ आहे. मान खाली घालून जगणाऱ्या कचरूची पिढी आणि मान वर करणाऱ्या जब्याची पिढी यांतील सीमारेषा म्हणजे तो दगड. या वाचनात शाळेच्या भिंतीवरील चित्रांना आशयघन महत्त्व येते. शिक्षणाने दिलेली स्वत्वाची जाणीवच मुलाच्या हाताला बळ देते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तिसरी भूमिका नाराजीची आहे. जातीचा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणे आवश्यक होते काय, शेवट अपुरा नाही काय, पूर्वार्धाची संथ गती आणि उत्तरार्धाचा आवेग यांचा मेळ बसतो काय, असे आक्षेप तीत येतात. शालूला स्वतंत्र व्यक्तित्व नाही, ती केवळ पाहिली जाणारी मुलगी आहे, हा आक्षेपही विचारार्ह आहे. मात्र त्याचा विचार करताना जब्याच्या दृष्टीचे बंधन चित्रपटाने जाणीवपूर्वक पाळलेले आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. जब्याला शालू जितकी कळते तितकीच ती प्रेक्षकाला दिसते. तिच्याशी त्याचे बोलणेच होत नाही, कारण त्या गावात ते होऊ शकत नाही.

या तिन्ही भूमिकांपैकी एक खरी आणि इतर चुकीच्या, असा निवाडा करण्याने फारसे साधत नाही. एका दगडाचे तीन अर्थ लागतात, कारण चित्रपटगृहात तीन ठिकाणी माणसे बसलेली आहेत. प्रतिसादांतील ही फूट समीक्षकांच्या मतभेदातून आलेली नाही; ती प्रेक्षकांच्या सामाजिक स्थानांतून आलेली आहे आणि चित्रपटाने ती उघड केली आहे. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९) या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस सुधारगृहातून पळालेला अंत्वान समुद्रापाशी पोहोचतो, वळून कॅमेऱ्याकडे पाहतो आणि चित्र गोठते. तेथेही मुलगा प्रेक्षकाला थेट सामोरा जातो. पण त्याची नजर हा प्रश्न आहे आणि तो सर्व प्रेक्षकांना सारखाच लागू पडतो. जब्याचा दगड मात्र प्रेक्षकांना सारखे राहू देत नाही.

७. साधारणीकरण आणि रसविघ्न

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा अनुभव कसा मांडता येईल, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला पडणे स्वाभाविक आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या व्यापारात विभावादिकांचे व्यक्तिविशिष्टत्व गळून पडते. रामाचा शोक केवळ रामाचा राहत नाही. अभिनवगुप्ताचा सहृदय हा अशा साधारणीकृत भावाचा आस्वादक होय. रसप्रतीतीत येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत. त्यांपैकी एक असे की, आस्वादक समोरील भाव हा आपलाच आहे किंवा परक्याचाच आहे, अशा नियमाने विशिष्ट स्थळकाळाशी बांधला गेला, तर रसास्वाद खंडित होतो.

'फँड्री'चा शेवट हे विघ्न मुद्दाम उत्पन्न करतो. दीड तासाहून अधिक काळ जब्याच्या भावाचे साधारणीकरण होऊ देऊन, त्या क्षणी चित्रपट प्रेक्षकाला त्याच्या स्वत:च्या स्थळकाळात परत आणतो : तू कोण, कोणत्या गावचा, गावाच्या कोणत्या बाजूचा ? बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नाट्यविचारातील दूरीकरण प्रेक्षकाला आरंभापासून भावनेत वाहू देत नाही. येथे तसे नाही. येथे आधी पूर्ण जवळीक साधली जाते आणि मग ती तोडली जाते. म्हणूनच घाव खोल बसतो.

शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंद हे दलित साहित्याचे प्रयोजन मानण्यास नकार दिला आणि वाचकाला अस्वस्थ करण्याच्या सामर्थ्याला महत्त्व दिले. त्या भूमिकेशी 'फँड्री'चा प्रतिसाद जुळतो. परंतु त्यात एक भर घालावी लागते. अस्वस्थता हीदेखील एकजिनसी नसते. अन्यायाच्या एका बाजूला उभ्या असलेल्यास ती अपराधभावाच्या रूपाने येते, तर दुसऱ्या बाजूच्यास जुनी जखम उघडी पडल्याच्या वेदनेच्या, कधी मोकळे झाल्याच्या भावनेच्या रूपाने येते. 'सहृदय' ही संज्ञा एकवचनी वापरण्यातील अडचण येथे स्पष्ट होते.

महोत्सवांतील परदेशी प्रेक्षकांच्या बाबतीत हे चित्र पुन्हा पालटते. उपशीर्षकांच्या आधारे 'फँड्री' पाहणाऱ्यास मराठी आणि कैकाडी या दोन्ही भाषा सारख्याच परक्या असतात. दोहोंमधील सीमा त्याला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी तो एक प्रभावी परभाषिक भावपट ठरतो आणि १९५२ सालच्या मुंबईकराला रोमसंबंधी जी निर्दोषता लाभली होती, ती त्याला जब्याच्या गावाच्या माळरानासंबंधी लाभते. अनुवादात संवादांचा अर्थ पोहोचतो. कोणती भाषा कोणत्या भाषेवर हसते आहे, ते पोहोचत नाही.

८. मराठवाड्याचा संदर्भ आणि अध्यापन

या विवेचनाला मराठवाड्यात एक वेगळे परिमाण प्राप्त होते. परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी ही एकमेव भाषा नाही. बाजारपेठेत मराठी आणि दखनी उर्दू बरोबरीने ऐकू येतात. जिल्ह्यातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. भटक्या-विमुक्त समाजांच्या घरांतून त्यांच्या स्वत:च्या भाषा टिकून आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. म्हणजे आपल्या भाषेला कचेरीत आणि उच्च शिक्षणात जागा नसणे काय असते, याचा अनुभव येथील मराठी भाषकांच्या मागील पिढ्यांना आहे. तो अनुभव या प्रदेशाच्या इतिहासलेखनात अभिमानाने आणि दु:खाने नोंदविला जातो.

ज्या भाषेने परकेपण भोगले तीच भाषा आज या प्रदेशात शाळेची, कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा आहे. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याची घरची भाषा कैकाडी, गोरमाटी वा वडारी असते आणि तो ती वर्गाच्या दाराबाहेर ठेवून येतो. 'अशुद्ध' या एका शेऱ्याखाली त्याची बोली आणि त्याची भाषा या दोन्ही गोष्टी गाडल्या जातात. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात पाथरी येते. या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत शिक्षणाची पहिली पिढी मोठ्या संख्येने आलेली आहे. अशा वर्गात 'उपरा' किंवा 'उचल्या' शिकविताना आणि 'फँड्री'ची चर्चा करताना अध्यापकाने 'आपण' हे सर्वनाम जपून वापरले पाहिजे. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या अंगावर दगड येतो आहे आणि कोणाच्या हातात तो आहे, हे त्याला ठाऊक नसते.

यातून अभ्यासाची एक दिशाही सूचित होते. प्रतिसादाचा अभ्यास करताना वृत्तपत्रीय परीक्षणांवर विसंबून चालणार नाही. परीक्षण लिहिणारा वर्ग हा प्रेक्षकवर्गाचा एक लहान भाग असतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांत चित्रपट पाहिलेल्या माणसांशी बोलून त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत टिपून घेतल्यास, कोण कोठे हसले, कोठे थांबले आणि शेवटाविषयी कोणी काय म्हटले, याची सामग्री उपलब्ध होईल. मराठी विभागांतून लघुप्रबंधासाठी असे विषय घेणे सहज शक्य आहे. लोकसाहित्याच्या संकलनाची जी पद्धती अभ्यासकांना परिचित आहे, तीच येथे थोड्या फरकाने वापरता येईल. मात्र कोणाची साक्ष नोंदवायची राहून गेली, याची दखल अशा प्रत्येक संकलनात घेतली गेली पाहिजे.

९. समारोप

'फँड्री'ला ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला आणि सोमनाथ अवघडे यास बालकलाकाराचा पुरस्कार लाभला. गौरव झाला, चर्चा झाली. पुढे २०१६ मध्ये याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'ने लोकप्रियतेचे उच्चांक मोडले आणि 'फँड्री'ची चर्चा काहीशी मागे पडली. तरीही प्रेक्षक-प्रतिसादाच्या दृष्टीने 'फँड्री' अधिक मूलगामी ठरतो.

परभाषिक चित्रपट पाहण्याच्या परंपरेने मराठी प्रेक्षकाला दुसऱ्याचे दु:ख ओळखावयास शिकविले. ही त्या परंपरेची मोठी देणगी आहे आणि 'फँड्री'सारखा चित्रपट तिच्याशिवाय कदाचित निर्माणही झाला नसता. मात्र दूरचे दु:ख ओळखणे आणि शेजारच्या दु:खातील आपला वाटा ओळखणे या दोन भिन्न क्षमता आहेत. पहिलीसाठी उपशीर्षके पुरतात. दुसरीसाठी स्वत:च्या भाषेत असलेल्या इतरांच्या भाषा ऐकू याव्या लागतात. मराठी चित्रपटाच्या फलकावर लिहिलेला एक कैकाडी शब्द वाचून 'म्हणजे काय ?' असे ज्या मराठी प्रेक्षकाने विचारले, त्याने या दुसऱ्या क्षमतेकडे पहिले पाऊल टाकले होते. त्या प्रश्नाचे उत्तर त्याला शिवीतून मिळाले, ही त्या शब्दाची नव्हे, तर ऐकणाऱ्या समाजाची स्थिती होय.